स्मृतिनाणी : दर्शनी मूल्य आणि खरी किंमत

एखाद्या व्यक्तीच्या वा घटनेच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यास स्मृतिनाणे म्हणतात. स्वतंत्र भारतात असे पहिले नाणे १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाले. पुढे मौलाना आझाद, बेगम अख्तर यांच्यावरही नाणी निघाली. त्यांतील १०० रुपयांची नाणी चलनात फिरत नाहीत. टांकसाळ ती संग्राहकांना दर्शनी मूल्याहून पुष्कळ अधिक किमतीस विकते.

लहान बेटांनी याच प्रथेला व्यवसायाचे रूप दिले. पॅसिफिक महासागरातील नियू बेटाची लोकसंख्या २,००० हूनही कमी असून तेथील व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये होतात. तरीही २०११ साली ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या पात्रांची नाणी नियूच्या नावाने निघाली. ती न्यूझीलंडमधील एका खासगी टांकसाळीने पाडली होती. अशा व्यवहारात बेट आपले नाव व कायदेशीर मान्यता देते, त्याबदली मोबदला घेते आणि टांकसाळ जगभर विक्री करते. सुमारे ३१.१ ग्रॅम चांदीच्या नाण्यावर अवघे २ डॉलर हे मूल्य असते. अर्थात ते कोणी बाजारात खर्च करीत नाही.

यावरून नाण्याची तीन मूल्ये स्पष्ट होतात. दर्शनी मूल्य कायदा ठरवितो, धातुमूल्य बाजारभाव ठरवितो आणि संग्रहमूल्य नाण्यांची संख्या, स्थिती व मागणी यांवर अवलंबून असते. केवळ जुने असल्याने नाणे मौल्यवान ठरत नाही.

मंचेरियल परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मीर उस्मान अली खान यांच्या चांदीच्या रुपयावर चारमिनारच्या कमानीत ‘उस्मान’चे आद्याक्षर ‘ऐन’ आहे. त्यावरील ९२ हा आकडा अबजद पद्धतीने ‘मुहम्मद’ या नावाचा आहे : मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. उर्दू वाचणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे नाणे म्हणजे इतिहासाचे पानच होय.

हे ज्ञान आज संरक्षकही आहे. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देण्याचे आमिष दाखवून शुल्क, कमिशन वा कर उकळणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेस सावध केले. असे व्यवहार बँक करीत नाही व त्यासाठी कमिशनही घेत नाही, असे तिने स्पष्ट केले. खरा ग्राहक विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नाही. अध्यापकांनी तीन मूल्यांचा हा पाठ वर्गात अवश्य घ्यावा; एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या घरची बचत त्यामुळे वाचू शकेल.