कचेरीतील वजन आणि त्याचा विनियोग : नहेम्याच्या पुस्तकातून काही विचार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळीतील एक गृहस्थ एका कचेरीत हेडक्लार्क होते. सात रोजंदारी कामगारांना कायम करण्याचे प्रकरण त्यांच्या टेबलावर आले. नियम कामगारांच्या बाजूचा होता, आणि तो नियम त्या कचेरीत नेमका त्यांनाच ठाऊक होता. साहेबांचा कल उलट होता. तथापि साहेब सहसा त्यांचा शब्द मोडीत नसत. आपण बोलावे की गप्प राहावे, हे विचारण्यास ते आमच्याकडे आले. आम्ही त्यांना सांगितले, की कचेरीच्या राजकारणात ख्रिस्ती मनुष्याने पडू नये. आपले काम करावे, नम्र राहावे, प्रार्थना करावी. त्यांनी आमचे ऐकले. प्रकरण फाईलबंद झाले आणि सातही कामगार घरी बसले.

आमचा तो सल्ला चुकला, असे आज आम्हांस वाटते. नम्रतेच्या नावाखाली आम्ही एका माणसाला त्याच्या हाती असलेली शक्ती न वापरण्यास शिकविले, आणि त्याची किंमत सात कुटुंबांनी दिली. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ माणसे कचेऱ्यांत, रुग्णालयांत, शाळांत आणि कारखान्यांत नोकरी करतात. बढती मागावी काय, वरिष्ठांचे मन कसे वळवावे, मिळालेला अधिकार कसा चालवावा, हे प्रश्न घेऊन ती आपल्याकडे येतात. त्यांना धर्मगुरूंनी आणि धर्मशिक्षकांनी काय सांगावे, याचा थोडा विचार येथे करू.

वजन म्हणजे काय?

ज्याच्या शब्दाने कामे होतात त्याचे ‘वजन आहे’ असे आपण म्हणतो. आणि फाईल हलेनाशी झाली की ‘कागदावर थोडे वजन ठेवा’ असेही आपणच म्हणतो. एकाच शब्दाने आपली भाषा सचोटीची पत आणि लाचेचा पैसा या दोहोंचा निर्देश करते. पवित्र शास्त्राच्या अभ्यासकांना येथे इब्री भाषेतील ‘काबोद’ या शब्दाची आठवण होईल. आपण त्याचे भाषांतर ‘गौरव’ असे करतो. परंतु त्याचा धातू ‘जड असणे’ या अर्थाचा आहे. तेव्हा वजन असणे हे काही पाप नव्हे. ते कशाचे बनले आहे आणि कोणाच्या पारड्यात पडते, हा खरा प्रश्न होय.

१९५९ साली जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या दोन अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी एका माणसाची दुसऱ्यावर चालणारी शक्ती पाच उगमांत विभागून दाखविली : शिक्षा करण्याची ताकद, बक्षीस देण्याची ताकद, पदाने आलेला अधिकार, ज्ञान वा कौशल्य, आणि त्या व्यक्तीविषयी इतरांना वाटणारा आदर व आपलेपणा. पहिल्या तीन गोष्टी बहुधा खुर्चीबरोबर येतात आणि निवृत्तीच्या दिवशी खुर्चीबरोबरच जातात. शेवटच्या दोन माणसाच्या स्वतःच्या असतात. आमच्या हेडक्लार्कांची खुर्ची लहान होती. त्यांच्यापाशी होत्या त्या या शेवटच्या दोन.

नहेम्याने वजन कसे मिळविले?

नहेम्या हा याजक नव्हता, संदेष्टाही नव्हता. तो परक्या राजाचा नोकर होता. इ. स. पूर्व ४४५ च्या सुमारास, अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षी, तो शूशन येथे राजाचा प्यालेबरदार होता. राजाच्या हाती पेला देणाऱ्यावर राजाचा जीव अवलंबून असे. म्हणजे त्याचे सारे वजन दररोज चोख बजावलेल्या एका कामातून आले होते. कृपेची याचना करण्याची वेळ येण्यापूर्वी विश्वासाची शिल्लक साठलेली होती.

किसलेव महिन्यात हनानीकडून यरुशलेमेच्या मोडक्या तटाची वार्ता त्यास कळली. राजापुढे गोष्ट निघाली ती निसान महिन्यात. मधले सुमारे चार महिने तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. आणि त्याच्या पुढील मागण्या पाहता विचारही पुष्कळ केला असला पाहिजे. राजाने खिन्नतेचे कारण विचारले तेव्हा तो फार भ्याला, हे तो स्वतःच सांगतो. तरी तो बोलला. त्याने यरुशलेमेचे नाव मात्र घेतले नाही. पूर्वजांच्या कबरा असलेले नगर एवढेच म्हटले. याच राजाने पूर्वी त्या नगराचे काम बंद पाडल्याचे एज्राच्या चौथ्या अध्यायात आले आहे. खोटे न बोलता, ऐकणाऱ्याच्या मनाला प्रथम काय पोहोचेल ते त्याने ओळखले.

नंतरच्या मागण्या पाहाव्यात. त्याने मुदत सांगितली; नदीपलीकडील सुभेदारांना पत्रे मागितली; राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे लाकडासाठी चिठ्ठी मागितली. ‘काहीतरी करा’ असे तो म्हणाला नाही. ज्या वरिष्ठाकडे आपण जातो त्याला कोणती सही कोठे करावयाची हे नेमके सांगता आले, तर निम्मे काम होते. प्रार्थना आणि गृहपाठ यांत नहेम्याने विरोध मानला नाही.

ते कसे वापरले?

यरुशलेमेस पोहोचल्यावर त्याने तीन दिवस काही केले नाही. मग रात्री थोडी माणसे घेऊन तो तट पाहून आला आणि त्यानंतरच लोकांशी बोलला. बोलताना ‘तुमची दुर्दशा’ असे न म्हणता त्याने स्वतःला त्यांच्या दुर्दशेत धरले. राजाची पत्रे खिशात असूनही त्याने हुकमाने आरंभ केला नाही. तिसऱ्या अध्यायातील नावांची यादी आपण वाचनात बहुधा गाळतो. पण अधिकार कसा वाटावा याचा तो उत्तम पाठ आहे. मुख्य याजक, सोनार, गंधी, व्यापारी, शल्लूम व त्याच्या मुली, प्रत्येकाला आपापला तुकडा, अनेकांना तर आपल्याच घरासमोरचा. तकोवेकरांच्या सरदारांनी मान वाकविली नाही, हीही नोंद तेथे आहे. बावन्न दिवसांत तट पूर्ण झाला.

परंतु आमच्या मते या पुस्तकाचे मर्म पाचव्या अध्यायात आहे. तटाचे काम चालू असतानाच गरिबांनी हाकाटी केली : शेते गहाण पडली, मुले गुलामगिरीत गेली, आणि सावकार आपलेच भाऊबंद. नहेम्या संतापला. सरदारांच्या मदतीवाचून काम चालणे अवघड होते. तरीही त्याने त्यांना भर सभेत जाब विचारला. आपण व आपली माणसेही कर्जाऊ पैसा व धान्य देत आहोत, हे त्याने त्याच सभेत कबूल केले. मग शेते परत करण्याची शपथ घेवविली. पुढे बारा वर्षे त्याने सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, जमीन खरेदी केली नाही, आणि आपल्या पंक्तीला दीडशे माणसे जेववली. साठविलेले सारे वजन त्याने तेथे खर्च केले, आणि त्याचा पहिला बोजा स्वतःवर घेतला.

प्रभू येशूने मत्तयाच्या विसाव्या अध्यायात शिष्यांना जे शिकविले ते हेच. मोठे होण्याची इच्छा त्याने निषिद्ध केली नाही. मोठेपण कोणाच्या कामी यावे हे सांगितले.

धोका कोठे आहे?

सत्ता वरच्या खुर्चीतच असते असे नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सरकारी तंबाखू कारखान्यांचे वर्णन आहे. तेथे प्रत्येक गोष्टीला नियम होता; अनिश्चित होते ते फक्त यंत्राचे बंद पडणे. यंत्र दुरुस्त करणारे कामगार अधिकाऱ्यांहून खाली होते, परंतु ती विद्या त्यांनी आपल्यापाशीच राखली होती, आणि म्हणून इतरांना त्यांच्या मर्जीने वागावे लागे. ज्ञान कुलुपात ठेवले की त्याची सत्ता होते.

हे वाचून परक्यांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्या वेस्ट्रीतील कपाटाकडे पाहावे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी तरुणाला तीन हेलपाटे घालावयास लावणारे हात कोणाचे असतात? आपल्या संस्थांच्या समित्यांवर बसल्यावर ‘देवाची इच्छा’ हा शब्द कोणत्या क्षणी आपल्या ओठी येतो? आम्ही स्वतः एका सभेत विरोधी मत संपण्यापूर्वीच प्रार्थनेने सभा आटोपली आहे. तेव्हा ते आम्हांस भक्तीचे वाटले होते.

आणि नहेम्याही निर्दोष नव्हता. तेराव्या अध्यायात, पुन्हा यरुशलेमेस आल्यावर, त्याने तोबीयाचे सामान खोलीबाहेर फेकले हे समजण्याजोगे आहे. पण विदेशी बायका करणाऱ्यांपैकी काहींना मारले, त्यांचे केस उपटले, हेही तोच लिहितो. ज्याने कधी भोळ्या ‘आपण’ने लोकांना उभे केले, त्याचा हात शेवटी उगारला गेला. चांगल्या कामासाठी मिळालेला अधिकारही दीर्घकाळात माणसाला घाईवर आणतो. पवित्र शास्त्र हे झाकीत नाही. आपणही वर्गात शिकविताना हा अध्याय झाकू नये.

आपल्या सल्ल्यासाठी

कोणी नोकरदार आपल्याकडे आला, तर त्याला चार प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते. तुझे रोजचे काम चोख आहे काय? कारण त्यावाचून बाकीचे सारे वशिला ठरते. जे तुला ठाऊक आहे ते तू दुसऱ्यास शिकवितोस काय? तुझ्या शब्दाने कोणाचे भले होईल : जो परतफेड करू शकतो त्याचे, की ज्याला ती शक्य नाही त्याचे? आणि या बोलण्याची किंमत कोण देणार, तू की तुझ्या हाताखालचा?

या प्रश्नांची उत्तरे सरळ आली, तर त्याला गप्प राहण्यास सांगू नये. बढती योग्य असेल तर ती मागण्यास सांगावे, नियमाचे पुस्तक घेऊन साहेबांपुढे जाण्यास सांगावे, आणि तो जाईल त्या दिवशी त्याच्यासाठी प्रार्थना करावी. त्याची बदली झाली वा बढती हुकली, तर त्याच्या घरी जावे. कारण सल्ला देणाऱ्याचाही त्या किमतीत वाटा असतो.

ते हेडक्लार्क आता निवृत्त झाले आहेत. त्यांनी आम्हांस कधी दोष दिला नाही. एकदा इतकेच म्हणाले, की त्या सातांपैकी एकजण अधूनमधून बाजारात भेटतो आणि अजूनही त्यांना नमस्कार करतो. तो नमस्कार घेणे त्यांना जड जाते.