पुदिन्याच्या चहाची पारख

जळगाव-धुळ्याकडे पुदिना चटणीत वाटतात. आता त्याचा चहाही पाकिटात मिळतो. त्यावर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असे छापलेले असते. हे तपासतात कसे? डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात चहाचा अर्क घालतात. पुदिन्यातील रोझमॅरिनिक आम्लासारखे घटक त्यातील मुक्त मूलके शमवतात आणि द्रावण पिवळे पडते. रंग किती उतरला, हे स्पेक्ट्रोफोटोमीटरने ५१७ नॅनोमीटरवर मोजतात. ही पद्धत ब्लॉइस यांनी १९५८ साली मांडली.

परंतु परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पावाच्या जेवणासोबत पुदिन्याचा चहा घेतल्यास लोहाचे शोषण ८४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. म्हणून रक्तक्षय असलेल्या भगिनींनी तो जेवणासोबत घेऊ नये. ऐकीव गोष्टी पारखून घ्या, हा कालाम सुत्तातील तथागतांचा उपदेश पाकिटावरील मजकुरालाही लागू आहे.