मोठेपणी कोण होणार? नाशिकच्या उत्तरांची साठ वर्षं

घरी पाहुणे आले की लहान पोराला विचारायचा प्रश्न ठरलेला: "मोठेपणी कोण होणार रे तू?" पोरगं गांगरलं, तर आजी मागून उत्तर पुरवते. नाशिक जिल्ह्यातली गेल्या साठेक वर्षांतली ही उत्तरं आठवून पाहिली, तर त्यांत मुलाचा कल कमी आणि घराचा पत्ता जास्त दिसतो.

नाशिकरोडला उत्तर एकच, 'प्रेस'. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ची, करन्सी नोट प्रेस १९२८ची. "माझे बाबा नोटा छापतात" असं सांगणाऱ्याचा वर्गात वेगळाच रुबाब. प्रेसला लागायचं म्हणजे नेमकं काय काम करायचं, हे कुणी विचारत नसे. सोयरीक जुळवतानाही 'मुलगा प्रेसमध्ये आहे' एवढ्यावर बोलणी पुढे सरकत. देवळालीत तोफांचे आवाज ऐकत वाढलेल्यांना फौजेत जायचं असे, इगतपुरीत घाटाची इंजिनं बघणाऱ्यांना ड्रायव्हर व्हायचं असे.

ओझरला १९६४मध्ये मिगचा कारखाना आला आणि निफाड-दिंडोरीच्या आभाळाला आवाज फुटला. द्राक्षबागेत फवारणी करणारा बाप मान वर करत नसे. पोरं मात्र बांधावरून विमानामागे धावत सुटत. सगळ्यांना पायलट व्हायचं होतं. त्यातले बरेच पुढे आयटीआय करून फिटर, टर्नर झाले आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या शिफ्टमध्ये रुळले. त्यात वाईट काही नाही, घरं उभी राहिली. मिग-२१ सप्टेंबर २०२५मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं आणि पुढच्याच महिन्यात ओझरहून नवं तेजस उडालं. म्हणजे बांधावरच्या धावण्याची सोय अजून आहे.

नव्वदनंतरच्या उत्तरांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इंजिनिअर, मग कॉम्प्युटर इंजिनिअर, मग हिंजवडी. आता यूट्यूबर. मधेच डॉक्टर आई-वडिलांच्या घरातला विदित गुजराथी २०१३मध्ये ग्रँडमास्टर झाला. तो २०२४ला ऑलिम्पियाडचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता. बुद्धिबळ हेही उत्तर असू शकतं, हे नाशिकच्या पालकांना तेव्हा पटलं.

मुलींना हा प्रश्न मुळात कमीच विचारला जाई. विचारलाच तर उत्तर 'बाई', म्हणजे शाळेतल्या बाई. त्याला धक्का दिला तो हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं. शहरात येऊन भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर सराव करणाऱ्या या मुलीनं २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. आपल्याच पाड्यावरची, आपल्यासारखीच बोलणारी कुणीतरी पेपरात छापून येते, हे पोरींनी पाहिलं. पुढे मे २०२२मध्ये अभिलाषा बराक नाशिकच्याच लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्रातून सैन्यातली पहिली महिला कॉम्बॅट हेलिकॉप्टर पायलट म्हणून बाहेर पडली. २०२३मध्ये मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्थाही नाशिकला सुरू झाली.

पण या सगळ्यांत मला राहून राहून आठवतो तो चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. हा दुष्काळी मुलूख. बापाबरोबर विहिरी खोदणाऱ्या या पोराला लहानपणी कुणी विचारलं असतं, तर तो 'रोइंग करणार' असं म्हणालाच नसता. त्याला तो शब्दच ठाऊक असायचं कारण नव्हतं. सैन्यात गेल्यावर त्याच्या हाती वल्हं आलं. २०१६ला तो रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्ण घेऊन परतला. जे नजरेला पडलं नाही, ते स्वप्नात येणार कुठून? दत्तूला ते योगायोगानं भेटलं. बाकीच्यांचं काय?

आणि जे रोज नजरेला पडतं, त्याचं काय होतं, तेही बघा. शाळेच्या फॅन्सी ड्रेसला दरवर्षी एक तरी शेतकरी असतो: भाड्याचा फेटा, काजळाची मिशी, खांद्यावर थर्माकोलचा नांगर. टाळ्या त्यालाच जास्त पडतात. पण 'मी कोण होणार' या निबंधात शेतकरी शोधून सापडत नाही, तेही देशाला द्राक्षं आणि कांदा पुरवणाऱ्या जिल्ह्यात. पोरांचं चुकत नाही. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की घरात दोन दिवस कुणी धड बोलत नाही, हे त्यांनी पाहिलेलं असतं. शेतकरी मुलाला पोरगी देत नाहीत, हेही कानावर येतं. एवढं पाहून कोण म्हणेल मी शेती करणार?

तरी शाळांना एक सुचवावंसं वाटतं. सहली दरवर्षी शिर्डीला आणि वॉटर पार्कला जातात. एखादी दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला, सह्याद्री फार्म्समध्ये न्या. शेतकऱ्यांच्याच कंपनीत द्राक्षं निवडून, पॅक होऊन परदेशी कशी रवाना होतात, ते पोरांना उभं राहून बघू द्या. मग निबंध लिहायला सांगा.