कॅसिओच्या आत बसलंय कोण?

नांदेड-लातूरकडच्या भजनी मंडळांत पेटीशेजारी आता कॅसिओ दिसू लागलाय. कंपनी कोणतीही असो, आपण त्याला कॅसिओच म्हणतो. मागच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "एकच डबा, त्यातून बासरी बी निघती अन् बायांचा कोरस बी. आत बसलंय तरी कोण?"

आत बसलाय कुणाचा तरी टेप केलेला आवाज. १९६३ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन नावाचं वाद्य बनू लागलं. त्याच्या १९७० च्या नमुन्यात ३५ पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीखाली टेपची वेगळी फीत. फितीवर खऱ्या वादकाचा एकच सूर. पट्टी दाबली की फीत हेडला टेकायची, मोटर ती ओढायची. जेमतेम आठ सेकंदांत फीत संपायची अन् सूर थांबायचा. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचायची. मोटर जरा डगमगली की सूरही थरथरायचा. बीटल्सच्या १९६७ च्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' गाण्याच्या सुरुवातीची बासरी याच पेटीवरची.

आता फितीची जागा चिपनं घेतली. तरी कलाकार तो जुना थरथरता आवाज नव्या कीबोर्डवर मुद्दाम आणतात. त्यासाठी दर सूर वेगळा भरायचा, मध्येच जोडून लांबवायचा नाही आणि थोडी थरथर राहू द्यायची.

हे आम्हाला कळलं ते एका आजींमुळे. त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांची जुनी कॅसेट होती. गटातल्या एका मुलीनं त्यातला एक सूर कीबोर्डात भरला आणि सगळ्या पट्ट्यांवर पसरवला. वरच्या पट्टीवर आजी चिमणीसारख्या चिवचिवल्या, खालच्या पट्टीवर सेल उतरलेल्या टेपसारख्या. आजी आधी हसल्या. मग म्हणाल्या, "ही म्या न्हाई."

मग आम्ही मेलोट्रॉनची रीत धरली. आजींना बसवून एकेक सूर 'आ'कारात वेगळा घेतला. सातच झाले. त्यांचा दम पाच सेकंद टिकतो, म्हणून सूरही तिथंच थांबतो. यंत्राला तो हवा तेवढा लांबवता येतो, पण दम न घेणारी आजी आम्हाला नको होती. आजींनी अट घातली: भजनात वाजवा, डीजेत नको. ती आम्ही गटाच्या रजिस्टरात लिहून घेतली. आवाज त्यांचा आहे, विचारायला नको का?

गटाच्या पैशातून कीबोर्ड घेताना मात्र दुकानात विचारा, यात आपला आवाज भरता येतो का. स्वस्तातल्या बहुतेकांत येत नाही.

आणि हो, पट्टीखाली सूर मावतो, ओवी नाही. पुण्यात हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज ऐकता-वाचता येतात. आपल्या घरच्या कॅसेटी आपणच उतरवायच्या. फीत ढिली असेल तर आधी पेन्सिलीनं गुंडाळून घ्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडा, पूर्ण बाजू एका दमात वाजू द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. नुसता मोबाईल टेपसमोर धरला तर पंखाही ओवी म्हणतो.

आजींच्या कॅसेटची दुसरी बाजू अजून राहिलीय. रविवारी बसणार आहोत.