हातचा दाखवणारं यंत्र

जुन्या संगणकांच्या वेडावर लिही, असं संपादक म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात स्पेक्ट्रम आणि कमोडोर हे जुने घरगुती संगणक होते. पण इंग्लंडात ब्लेचली पार्कच्या आवारातल्या राष्ट्रीय संगणक संग्रहालयात पाय अडले ते हार्वेल डेकाट्रॉन या संगणकापाशी. अडीच टनांचं धूड. त्यात अंक मोजणाऱ्या ८२८ डेकाट्रॉन नळ्या, ४८० रिले, म्हणजे विजेने उघडमीट होणारे स्विच.

इतिहास फलकावर आहेच. हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली हे यंत्र कामाला लागलं. १९५७मध्ये ते वुल्वरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयाला मिळालं आणि १९७३पर्यंत मुलं त्यावर शिकली. मग बर्मिंगहॅमचं संग्रहालय, मग गोदाम. २००९मध्ये ते इथे आलं आणि तीन वर्षांच्या खटपटीनंतर, नोव्हेंबर २०१२मध्ये, पुन्हा चालू झालं.

मी खिळलो ते एका डेकाट्रॉन नळीपुढे. काचेच्या आत बारीक तारांचं कडं आणि त्यावर नारिंगी ठिपका. विजेचा ठोका बसला की ठिपका एक घर पुढे सरकतो. नऊ ओलांडून शून्यावर आला की शेजारच्या नळीतला ठिपका हलतो. शाळेत बोटांवर धरलेला हातचा इथे चक्क डोळ्यांना दिसतो! स्मृतीतला प्रत्येक अंक समोर उघडा. एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ रिलेंचा खडखडाट चालू असतो. हार्वेलला कुणीतरी हाताने चालवायचं गणनयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली होती. अर्धा तास गडी बरोबरीने टिकला, मग दमला. यंत्र मोजतच राहिलं. त्याची मातबरी होती ती न थकण्यात. वेग बेताचाच. एकच कृती पुन्हा पुन्हा करायची असेल तर आज्ञा छिद्रांनी नोंदलेल्या कागदी पट्टीची दोन टोकं चिकटवून माळ करायची, झालं.

हौशी मंडळी आता जुनी यंत्रं एम्युलेटरमध्ये, म्हणजे त्यांची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नाहीतर हवी तशी जुळवता येणाऱ्या एफपीजीए चिपवर हुबेहूब उभी करतात. मला त्याचं कौतुकच आहे. तिथे गंज चढत नाही. पण डेकाट्रॉनची गोष्ट अवघड आहे. नळी बराच काळ बंद राहिली की ठिपका एखाद्या घरावर अडून बसतो. मग तो तासन् तास फिरवत ठेवून नळीला वळणावर आणावं लागतं. म्हणजे यंत्र बंद ठेवून जपता येत नाही. चालवावं, तर रिलेचे संपर्क झिजतात. अशा नळ्या बनणं केव्हाच थांबलंय, जुना साठा मिळेल तेवढाच. भाग बदलत गेलो तर 'मूळ' म्हणवण्याचा मान जातो, आणि इथल्या स्वयंसेवकांचा जीव त्या मानातच अडकलेला.

मला घोर आहे तो माणसांचा. एम्युलेटर लिहिणाऱ्याला यंत्राची प्रत्येक आज्ञा पाठ असते. पण मधूनच चुकणारा रिले ४८०मधून हुडकायचा कसा, हे त्या यंत्राच्या सहवासात वर्षं काढलेल्यालाच जमतं. ते शिकायला नवा कुणी आला तरी सराव त्याने याच रिलेंवर करायचा, आणि त्या सरावाने झिजणार तेही हेच.