धार पारखण्यासाठी सूक्ष्मदर्शक कोणता?

दसरा-दिवाळी सरली की बालाघाटच्या डोंगररांगेतील किल्ले धारूर आणि बीड जिल्ह्याच्या इतर तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हटले जाते. मजुरी टनावर ठरते. कोयता बोथट असला तर तेवढ्याच उसासाठी अधिक घाव घालावे लागतात, हात लवकर भरून येतो आणि दिवसाची कमाई घटते. म्हणूनच कोयता पुनःपुन्हा पाजळावा लागतो. धार गेली हे हाताला कळते. ती का गेली आणि घासताना काय चुकले, हे मात्र हात सांगू शकत नाही. त्यासाठी डोळ्यांना भिंगाची जोड लागते. घरातील सुऱ्यांना स्वतः धार लावणारे गृहस्थ असोत की वस्तऱ्याने दाढी करण्याची हौस असलेले तरुण, अडचण हीच असते. बाजारात ‘हजार पट मोठे दाखवणारे’ सूक्ष्मदर्शक स्वस्तात मिळू लागल्याने निवडीचा गोंधळ मात्र वाढला आहे.

धारेचे मोजमाप

पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. निरोगी डोळ्याला साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉनपर्यंतचा तपशील दिसतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. उत्तम लावलेल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी मात्र एका मायक्रॉनहूनही कमी असते. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ मध्येच दाखवून दिले की, प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाशाच्या तरंगलांबीची मर्यादा असते. ती सुमारे ०.२ मायक्रॉन आहे. त्यामुळे वस्तऱ्याच्या धारेचे अगदी टोक पाहायचे तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये तेच केले. पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केस पात्याला बोथट कसा करतो, हा त्यांचा प्रश्न होता. धार केवळ झिजत नाही, तर केस तिरका आला आणि पोलादाची घडण त्या जागी असमान असली की तिचे बारीक टवके उडतात, असे त्यांना आढळले.

घरगुती कामाला इतक्या खोलात जावे लागत नाही. टवके, गंजाचे ठिपके, दगडाचे ओरखडे आणि घासताना धारेवर उरलेली वळलेली पातळ किनार एवढे दिसले तरी पुरे. साधारण १००० क्रमांकाच्या दगडाचे कण १५ मायक्रॉनच्या आसपास असतात. त्यांचे ओरखडे माफक वर्धनातही ओळखू येतात.

आकड्यांचा मोह

खोक्यावर छापलेली ‘१००० पट’ ही संख्या बहुधा पडद्यावरच्या चित्राच्या आकारावरून काढलेली असते. चित्र मोठे होणे आणि त्यात नवा तपशील दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चांगल्या वस्तुभिंगावर ०.१० किंवा ०.२५ असा आकडा कोरलेला असतो. ढोबळ नियम असा की, या आकड्याच्या हजार पटीपुढचे वर्धन पोकळ असते. ०.१० च्या भिंगातून १०० पटींपलीकडे केवळ धूसरपणाच मोठा होतो.

संगणकाला जोडायचा सूक्ष्मदर्शक पारखण्याची एक सोपी रीत आहे. पोलादी पट्टीवरील मिलिमीटरच्या खुणांचे छायाचित्र घ्यावे. चित्राच्या रुंदीत दोन मिलिमीटर मावत असतील आणि चित्र ६४० बिंदूंचे असेल, तर एक बिंदू तीन मायक्रॉनचा झाला. त्याहून बारीक काही त्यात दिसणार नाही.

कोणता घ्यावा?

कोयता, विळी किंवा भाजीची सुरी यांसाठी सराफ वापरतात ते दहापट भिंग पुरेसे ठरते. ते काही शे रुपयांत मिळते. ६० ते १०० पटींचा, दिव्याचा खिशातील सूक्ष्मदर्शकही तेवढ्याच किमतीत येतो आणि वस्तऱ्यावरचे ओरखडे दाखवतो. मात्र तो पात्याला जवळजवळ टेकवावा लागत असल्याने धार आणि बोट दोन्ही जपावे लागतात. छायाचित्रे जपून आधीची व नंतरची धार ताडून पाहायची असेल, तर संगणकाला जोडायचा सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. तो घेताना वर्धनापेक्षा स्टँड किती स्थिर आहे हे आधी पाहावे. दोन्ही डोळ्यांनी पाहायचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक सर्वांत सोयीचा. पण तो महाग असतो आणि रोज धार लावणाऱ्यालाच परवडतो.

शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक मात्र येथे फसवतो. त्यात प्रकाश खालून येतो. पोलाद अपारदर्शक असल्याने पात्याची नुसती काळी आकृती दिसते. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कागदी ‘फोल्डस्कोप’ अत्यंत स्वस्त असला, तरी त्याचीही मुख्य रचना पारदर्शक नमुन्यांसाठीच आहे.

उजेड महत्त्वाचा

चकचकीत पात्यावर समोरून झोत टाकला की सारे पांढरे होते. दिवा मंद करून बाजूने तिरपा उजेड दिला तर ओरखडे व टवके उठून दिसतात. पात्याच्या दोन्ही बाजू आणि धार, अशा तिन्ही दिशांनी पाहावे.

शेवटची परीक्षा तर फुकटची आहे. कोयता उन्हात धरून धार सरळ समोरून न्याहाळावी. तीक्ष्ण धार उजेड परतवत नाही, म्हणून ती दिसतच नाही. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो, तिथे ती बोथट असते. भिंगाचे काम त्या ठिपक्यापासून सुरू होते: तो टवका आहे की वळलेली किनार, हे ते सांगते. किनार असेल तर हलका हात पुरतो. टवका असेल तर अधिक पोलाद घासून काढावे लागते. हा फरक कळला की पाते विनाकारण झिजत नाही आणि पैसेही योग्य जागी खर्च होतात.