मेणाच्या ठोकळ्यातलं भाकीत

चलथाण हे उधना–जळगाव लोहमार्गावरचं स्टेशन. साखर कारखान्याच्या या गावातून कॅन्सरच्या रुग्णाला मुंबईच्या टाटा रुग्णालयात न्यायचं, तर पिशवीत दोन वस्तू हव्यातच: बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा. अंगठ्याच्या पेराएवढ्या त्या ठोकळ्यात रुग्णाविषयीची बरीच माहिती दडलेली असते.

बीजांडकोशाच्या कर्करोगात एकाच टप्प्यावरच्या दोन बायकांना सारखेच उपचार मिळूनही एक दोन वर्षांत जाते, दुसरी दहा वर्षं जगते. असं का होतं? याचं उत्तर गाठीच्या जनुकांत शोधलं जातं. जनुकात बिघाड आहे का, हे पाहणं वेगळं आणि कोणतं जनुक किती जोमानं काम करतंय, हे मोजणं वेगळं. 2011 मध्ये ‘कॅन्सर जीनोम ॲटलस’ या संशोधन प्रकल्पानं अशा 489 गाठी तपासल्या. त्यांतल्या ज्या गाठींचा जनुकक्रम वाचला, त्यांपैकी 96 टक्के गाठींत टीपी53 जनुकातला बिघाड सापडला. जवळपास सगळीकडेच तो असल्यानं त्यावरून फरक कळेना. 193 जनुकांच्या सक्रियतेवरून मात्र जगण्याचा अंदाज बांधता आला. 2020 मध्ये 3,769 रुग्णांच्या अभ्यासातून 101 जनुकांची यादी ठरली, आणि ती अशाच मेणातल्या तुकड्यांवरून. सर्वांत चांगल्या गटातल्या निम्म्याहून अधिक रुग्ण नऊ वर्षांपुढे जगल्या. सर्वांत वाईट गटातल्या निम्म्या रुग्ण मात्र सव्वादोन वर्षांच्या आसपासच दगावल्या.

हे गटाचं गणित आहे, कुणा एकीचं भविष्य नव्हे. 101 जनुकांची ही चाचणी अजून नेहमीच्या उपचारांत आलेली नाही. बीआरसीए जनुकांतल्या बिघाडाची तपासणी मात्र आज उपलब्ध आहे, आणि तिच्यावर औषधाची निवड ठरते. डॉक्टरांना तिच्याविषयी जरूर विचारा. ठोकळाही जपून ठेवा.